जीभ पहिल्यांदा टोचून घेताय? सुईपेक्षा बारकडे जास्त लक्ष द्या

"ताई, जीभ टोचून घ्यायचीये, पहिल्यांदाच. वय १९, कान सोडले तर अंगावर कुठेच पिअर्सिंग नाही. किती दुखेल? बोलणं कायमचं बोबडं होईल का? मैत्रीण म्हणते नस कापली गेली तर जीभ लुळी पडते, खरंय का? आणि दहा दिवसांनी तोंडी परीक्षा आहे, तोवर बरं होईल ना?"

तुझ्या प्रश्नात सगळं आलंय, एक सोडून. बार, म्हणजे छिद्रात घालतात तो दोन्ही टोकांना बॉल असलेला धातूचा दांडा, कधी बदलायचा ते तू विचारलं नाहीस. चौदा वर्षं झाली मला हे काम करून, आणि पहिल्या दिवशी ते जवळजवळ कोणीच विचारत नाही. सगळ्यांचा जीव सुईत अडकलेला असतो. सुईचं काम एक-दोन सेकंदांचं, पण तो धातूचा दांडा नंतर वर्षानुवर्षं दातांच्या आणि हिरड्यांच्या शेजारी राहणार असतो, आणि पुढे जे काही बरंवाईट होतं ते बहुतेक त्याच्यामुळे होतं. त्यामुळे तुझ्या प्रश्नांची उत्तरं देतेच, पण बारवर मी जास्त बोलणार आहे, तेवढं वाच.

आधी दुखण्याचं सांगते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. टोचताना वाटतं त्यापेक्षा कमी दुखतं. चावताना चुकून जीभ दाताखाली येते ना, तेव्हा जी कळ जाते ती बऱ्याच जणांना सुईपेक्षा जास्त वाटते, हे मी नाही, माझ्याकडे टोचून घेतलेलेच सांगतात. उलट जीभ हलू नये म्हणून चिमट्याने धरतो ते दाबणं जास्त नकोसं होतं. डोळ्यात पाणी येतं, लाळ सुटते, बस. खरा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सुरू होतो, तो कळेचा नसतो, सुजेचा असतो. त्याची तयारी ठेवून आलीस तर काही वाटत नाही, आणि नुसतं टोचण्याचंच टेन्शन घेऊन आलीस तर तिसऱ्या दिवशी घाबरून जाशील.

आता नस आणि लुळी जीभ. जिभेला हाड नसतं म्हणतात ते अगदी शब्दशः खरं आहे, जीभ म्हणजे स्नायूंचा गठ्ठा, डावा अर्धा वेगळा आणि उजवा अर्धा वेगळा, आणि मधोमध एक चिवट पातळ पडदा असतो तो दोघांना जोडतो. रक्ताच्या मोठ्या नळ्या आणि मोठ्या नसा या मधल्या रेषेत नसतात, त्या दोन्ही बाजूंनी मागून पुढे येतात. म्हणून तर बरोबर मधोमध टोचतात. मधल्या रेषेत आणि पुढच्या भागात नीट टोचलं तर जीभ लुळी पडण्याइतकी मोठी नस तिथे वाटेतच नसते. पण मध चुकला, अंदाजपंचे टोचलं, फार मागे किंवा बाजूला टोचलं, तर रक्त भरपूर जाऊ शकतं, जिभेत रक्त साकळून ती आणखी सुजते आणि नसेला दुखापत होऊन बधिरपणाही येऊ शकतो. म्हणजे मैत्रिणीची भीती अगदीच खोटी नाही, फक्त ती जागेची आणि हाताची भीती आहे, जीभ टोचण्याची नाही.

म्हणून मी टोचायच्या आधी जीभ बघण्यात जेवढा वेळ घालवते तेवढा टोचण्यात जात नाही. टॉर्च हातात घ्यायची, समोरच्याला म्हणायचं तोंड उघड आणि जीभ वर टाळूला लाव. खालच्या बाजूला दोन निळसर शिरा दिसतात, एक डावीकडे एक उजवीकडे, काहींच्या अगदी ठसठशीत, काहींच्या पुसट. आणि मधोमध एक पातळ पडदा दिसतो, ज्याने जीभ खालच्या जबड्याला धरलेली असते. टोचायचं ते या पडद्याच्या पुढे, दोन शिरांच्या मधे. बहुतेकांच्या बाबतीत ही जागा जिभेच्या शेंड्यापासून साधारण १८ ते २० मिलिमीटर मागे येते, पण हा आकडा डोक्यात धरून कोणी मोजपट्टी लावून टोचत असेल तर तिथून उठ, कारण प्रत्येकाची जीभ वेगळी असते. मग कोरड्या गॉजने जीभ पुसायची, कारण ओल्या जिभेवर शाई बसत नाही, वर एक ठिपका, खाली एक ठिपका, आणि मग समोरच्याला जीभ आत घ्यायला, बाहेर काढायला, बोलायला सांगायचं. बाहेर काढलेली जीभ आणि तोंडात आरामात असलेली जीभ यांचा आकार वेगळा असतो, बाहेर ताणलेली असताना मधोमध दिसलेला ठिपका आत गेल्यावर बाजूला सरकलेला दिसू शकतो. मी दोनदा तरी ठिपका पुसून परत देते. वरचा ठिपका खालच्यापेक्षा किंचित मागे ठेवायचा, म्हणजे बार थोडा मागे झुकतो, वरचा बॉल समोरच्या दातांपासून लांब राहतो आणि टाळूचा खोलगट भाग असतो तिथे त्याला जागा मिळते.

आणि हो, प्रत्येक जीभ टोचण्यासारखी नसते. एक मुलगी आली होती, दोन महिने पैसे साठवून, मैत्रिणीला घेऊन, खूप उत्साहात. जीभ वर घे म्हटलं तर वर जाईचना, खालचा पडदा जवळजवळ शेंड्यापर्यंत आलेला. तिथे टोचायचं तर एक तर पडद्यातून जावं लागलं असतं नाहीतर इतकं पुढे की बॉल सारखा दातांवर आपटला असता. मी नाही म्हटलं. ती रडली, मलाही वाईट वाटलं, पण आज परत आली तरी मी नाहीच म्हणेन. तुलाही कोणी जीभ बघून नाही म्हटलं तर तो माणूस चांगला समज आणि "दुसरीकडे करून देतात" म्हणून दुसरीकडे जाऊ नकोस.

तसंच एक सांगून ठेवते, हल्ली फोटो बघून बऱ्याच जणी येतात, जिभेच्या शेंड्यात आडवा बार घातलेला आणि दोन बाजूंना दोन बॉल डोळ्यासारखे दिसणारा, स्नेक आइज म्हणतात त्याला. तो मी करत नाही. वर म्हटलं ना, जिभेचे दोन अर्धे वेगवेगळे हलतात, आडवा बार त्या दोघांना एकत्र जखडून टाकतो, आणि बॉल बसतात थेट समोरच्या दातांच्या मागे, जिथे हिरडी सगळ्यात नाजूक. दिसायला कितीही छान दिसो, पहिल्यांदा घेणारीने तर त्याचा विचारसुद्धा करू नये.

तब्येतीचं मोकळेपणाने सांगायचं, लाजायचं नाही. हृदयाच्या झडपेचा त्रास असेल किंवा लहानपणी हृदयाचं काही ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस, कारण तोंडातले जंतू जखमेतून रक्तात गेले की अशा हृदयात जाऊन बसू शकतात, आणि ते जिवावर बेततं. रक्त पातळ करायच्या गोळ्या, रक्त लवकर न थांबण्याचा आजार, कंट्रोलमध्ये नसलेली शुगर, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, गरोदरपण, यातलं काहीही असेल तर आत्ता नाही. दातांचं काम बाकी असेल, कीड, दाढ काढायची, हिरड्यांतून रक्त येतंय, तर आधी ते उरकून घे. खोट्या दागिन्यांनी कानाला खाज येते, पाणी येतं असं कधी झालंय का ते आठव, तसं असेल तर निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते आणि मग धातू निवडताना जास्तच काळजी घ्यायची.

जागा कशी निवडायची याच्यावर खूप लिहिता येईल पण मी थोडक्यात सांगते. कान टोचतात तसली गन दिसली की बाहेर पड, जिभेला गन कधीच नाही. सुई पोकळ, एकदाच वापरायची, पाकीट तुझ्यासमोर फोडलेलं. बाकीची हत्यारं ऑटोक्लेव्हमधून आलेली, म्हणजे १२१ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाच्या दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलेली, नुसती स्पिरिटने पुसलेली किंवा गरम पाण्यात उकळलेली नाहीत. त्यांच्या पाकिटावर एक पट्टी असते, मशीनमध्ये जाऊन आली की तिचा रंग बदलतो, ती दाखवा म्हण, चांगला पिअर्सर हौसेने दाखवतो. आणि हाताकडे बघ. ग्लोव्ज घातलेल्या हाताने फोन उचलला, खुर्ची ओढली, केस मागे सारले आणि त्याच हाताने तुझ्या तोंडाकडे आला, तर भिंतीवर किती सर्टिफिकिटं टांगलीयेत याला काही अर्थ नाही. वयाचे नियम देशादेशात वेगळे आहेत, वेल्समध्ये तर १ फेब्रुवारी २०१८ पासून १८ वर्षांखालच्यांची जीभ टोचणं कायद्यानेच बंद आहे, त्यामुळे ओळखपत्र मागितलं तर राग मानू नकोस, न मागणाऱ्याचीच शंका घे.

दागिना कुठला? सरळ बार, दोन्ही टोकांना बॉल. जाडी १४ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर. धातू इम्प्लांट ग्रेड टायटॅनियम, ज्याचा दर्जा एएसटीएम एफ१३६ असा सांगतात, हाच दर्जा शरीराच्या आत बसवायच्या वस्तूंसाठी वापरतात आणि त्यात निकेल नसतं. नुसतं "सर्जिकल स्टील" या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, त्या नावाखाली काहीही विकलं जातं. बॉलचे आटे बारच्या आतल्या बाजूला असावेत, बाहेर आटे असलेला बार जखमेतून ओढला की तो करवतीसारखा जातो.

त्या दिवशी उपाशीपोटी येऊ नकोस. एक-दोन तास आधी नीट खाऊन ये, रिकाम्या पोटी चक्कर येते. आदल्या दिवसापासून दारू नाही. डॉक्टरांनी दिलेली नसेल तर अ‍ॅस्पिरिन घेऊ नकोस, तिने रक्त पातळ होतं. दात घासून ये, खळखळून चूळ भर. मग खुर्चीत बसलीस की चिमटा लागतो, सांगते श्वास आत घे, आता सोड, आणि सोडतानाच सुई जाते, तिच्या मागोमाग बार, खालचा वरचा बॉल घट्ट, झालं. बऱ्याच जणी "झालंसुद्धा?" असं विचारतात, म्हणजे विचारायचा प्रयत्न करतात, कारण तोंडात लाळ भरलेली असते. थोडं रक्त येतं, गुलाबी लाळ दिवसभर दिसू शकते. मी लगेच सोडत नाही, पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवते, रक्त थांबलंय आणि चेहऱ्यावर रंग आहे हे बघितल्याशिवाय दार उघडत नाही.

आता पुढचे दिवस. पहिल्या संध्याकाळी जीभ जड वाटायला लागते, दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघितलंस तर आपलीच जीभ परकी वाटेल, दातांच्या कडांचे ठसे उमटलेले दिसतील, तिसऱ्या ते पाचव्या दिवसात सूज सगळ्यात जास्त असते आणि मग उतरायला लागते, आठवड्याभरात बरीचशी गेलेली असते. या सुजेसाठीच पहिला बार मुद्दाम लांब घालतात, जिभेच्या जाडीप्रमाणे १८ ते २२ मिलिमीटर. आखूड घातला तर सुजलेली जीभ बॉल गिळून टाकते, बॉल मांसात रुतायला लागतो. तुला तसं दिसलं, बॉल आत जातोय असं वाटलं, तर वाट बघू नकोस, त्याच दिवशी जाऊन लांब बार घालून घे. सुजेवर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे थंड. बर्फाचे छोटे तुकडे तोंडात विरघळू द्यायचे, चावायचे नाहीत. गार पाणी घोटघोट. झोपताना एक उशी जास्त. आयबुप्रोफेन पोटाला चालत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर पहिले दोन-तीन दिवस तिने सूज आणि ठणका दोन्ही आटोक्यात राहतात. कमी बोल. खरंच कमी बोल, फोनवर तासन्‌तास नाही.

खाणं मऊ, गार किंवा कोमट, छोटा घास, आणि घास जिभेने इकडून तिकडे ढकलायचा नाही, चमच्याने थेट दाढेकडे ठेवायचा आणि जीभ शक्यतो सपाट ठेवून चावायचं. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, दोन दिवसात सवय होते. तिखट, आंबट, गरम, कडक आणि टोकदार असं सगळं दोन आठवडे लांब. सिगारेट, तंबाखू, दारू नाही, च्युइंगम नाही, दुसऱ्याच्या ग्लासातलं नाही, चुंबन नाही आणि तोंडाशी संबंध येणारे लैंगिक संबंध नाहीत, पार्टनर कितीही जवळचा असला तरी, जखम पूर्ण भरेपर्यंत. उघड्या जखमेला दुसऱ्याची लाळ कशाला लावायची.

स्वच्छतेत लोक दोन टोकांना जातात, काही जण काहीच करत नाहीत आणि काही जण दिवसातून पंधरा वेळा कडक माउथवॉशने तोंड भाजून काढतात. एक कप म्हणजे साधारण २५० मिली उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा साधं मीठ, प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना तीस सेकंद ते एक मिनिट चूळ, दिवसातून चार-पाच वेळा, पुरे. जास्त मीठ घातलं म्हणून जास्त लवकर बरं होत नाही, उलट आग होते. माउथवॉश वापरायचाच असेल तर अल्कोहोल नसलेला. क्लोरहेक्सिडिनवाला माउथवॉश डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आठवडे-आठवडे वापरू नकोस, त्याने दातांवर डाग पडतात. सगळी जीभ पांढरी किंवा पिवळी पडली तर समज की चुळा जास्त होतायत. नवीन मऊ ब्रश घे, जुना फेकून दे. छिद्रातून पांढरट-पिवळट पातळ द्रव येतो, त्याला पू समजून घाबरू नकोस, जखम भरताना तो येतोच. बार फिरवायचा नाही, ओढायचा नाही, हात लावायचाच असेल तर साबणाने धुतलेला. एवढ्यासाठी मात्र रोज हात लाव: दोन्ही बॉल घट्ट आहेत का ते बघायला. सूज उतरताना बॉल सैल होतात आणि झोपेत निसटतात. बॉल गिळला गेला तर बहुतेक वेळा तो पोटातून आपोआप निघून जातो, तरी डॉक्टरांच्या कानावर घाल, पण ठसका लागला, खोकला थांबेना, श्वासाला त्रास झाला तर तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो, तेव्हा सरळ हॉस्पिटल.

बोलणं. हो, पहिले काही दिवस बोबडं होतं. स, श, च, ट, ड या अक्षरांना जीभ टाळूला किंवा दातांमागे लावावी लागते आणि मधे बॉल येतो. सूज उतरली की सुधारतं, आणि आखूड बार घातला की बहुतेकांचं पहिल्यासारखं होतं. ज्यांचं महिनोन्‌महिने होत नाही त्यांच्या तोंडात मी बघते तेव्हा बहुतेक वेळा तोच पहिल्या दिवशीचा लांब बार असतो.

आणि इथे आले मी माझ्या मुद्द्यावर.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा आला, मीच टोचलेला, पण मधे अडीच वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. वरचा बॉल बदलायचा होता, रंगीत हवा होता. तोंड उघडलं तर आत २० मिलिमीटरचा बार, तोच, सुजेसाठी घातलेला. मी टॉर्च मारली खालच्या समोरच्या दातांच्या मागे. बाहेरून हसताना काही दिसत नव्हतं, पण आतल्या बाजूला मधल्या दोन दातांची हिरडी खाली उतरलेली, दाताचं पिवळसर मूळ उघडं पडलेलं, आणि त्या उतरलेल्या हिरडीचा आकार अगदी बॉलच्या गोलाईसारखा. मी विचारलं, बार दातांवर घासायची सवय आहे का? म्हणाला, नाही. आणि बोलता बोलता त्याची जीभ पुढे आली, खालचा बॉल दातांच्या मागे टेकला आणि दोनदा टकटक वाजला. त्याला कळलंसुद्धा नाही. त्याला मी रंगीत बॉल दिला नाही, डेंटिस्टकडे पाठवलं. उतरलेली हिरडी आपोआप वर येत नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं कारण बार बदलायला ये असं मी त्याला जाताना सांगितलं होतं पण तारीख लिहून दिली नव्हती. तेव्हापासून मी तारीख दिल्याशिवाय कोणाला सोडत नाही, आणि आला नाही तर फोन करते.

हे एकट्याचं उदाहरण नाही. २००२ साली जर्नल ऑफ पिरिओडॉन्टॉलॉजीमध्ये जीभ टोचलेल्या ५२ जणांचा अभ्यास छापून आला होता. दोन किंवा जास्त वर्षं लांब बार घालणाऱ्यांपैकी ५० टक्के जणांच्या खालच्या समोरच्या दातांची आतली हिरडी उतरलेली होती, आणि चार किंवा जास्त वर्षं घालणाऱ्यांपैकी ४७ टक्के जणांच्या दाढा-उपदाढांचे टवके उडालेले होते. लांबी आणि काळ, या दोनच गोष्टी. अमेरिकन डेंटल असोसिएशन तर तोंडातलं कुठलंही पिअर्सिंग करूच नका असं सांगते, आणि मी या धंद्यात असूनही तुला सांगते की त्यांचं म्हणणं ऐकून मगच ठरव, कारण ते दात बघून बोलतायत. आखूड बार घातला, खेळायची सवय लागू दिली नाही, तरी धोका शून्यावर येत नाही, कमी होतो एवढंच. तेवढं मान्य असेल तर टोचून घे.

तर बार बदलायचा कधी? सूज पूर्ण उतरली की, साधारण दोन ते चार आठवड्यांत. बहुतेकांना मग १४ किंवा १६ मिलिमीटरचा लागतो, जीभ आरामात असताना वरखाली थोडीशीच मोकळीक राहील एवढा. नाकापेक्षा मोती जड होऊ द्यायचा नाही, बॉलही छोटे घ्यायचे. आणि हा पहिला बदल घरी आरशासमोर करायचा नाही. जिभेचं छिद्र नवीन असताना इतक्या पटकन मिटतं की विश्वास बसत नाही, बार काढून बेसिनवर ठेवला, दुसरा पुसेपर्यंत आत जाईना अशा किती जणी रडत आल्यात माझ्याकडे. पिअर्सर एक बारीक पिन आधार म्हणून आत ठेवून बदलतो, एक मिनिटाचं काम. वरवर बरं व्हायला चार ते आठ आठवडे लागतात, पण वर्षानुवर्षांचं छिद्रसुद्धा बार काढल्यावर काही जणांचं दिवसांत मिटतं, म्हणून ऑपरेशन किंवा एमआरआय असेल तर काढायच्या आधी पिअर्सरशी बोल, प्लॅस्टिकचा तात्पुरता बार मिळतो. कायमचं नकोसं झालं तर नुसतं काढून टाकायचं, एक छोटासा ठिपका राहतो.

खेळायच्या सवयीचं म्हणशील तर पहिल्या दोन महिन्यांत ती लागू दिली नाहीस तर पुढे सहसा लागत नाही. दातात धरणं, दातांवर घासणं, टाळूवर दाबणं. घरातल्या कोणाला तरी सांगून ठेव की टकटक आवाज आला की मला टोक. दर सहा महिन्यांनी डेंटिस्टला दाखव आणि पिअर्सिंग आहे हे आपणहून सांग, समोरच्या खालच्या दातांच्या मागची हिरडी बघा म्हण.

इन्फेक्शन कसं ओळखायचं हे एकदा नीट वाचून ठेव. उतरलेली सूज परत चढली, हिरवट किंवा घाण वास येणारा घट्ट पू, ताप, थंडी, ठणका वाढतच चाललाय, जबड्याखाली गाठ, तर डॉक्टर. आणि जबड्याखाली किंवा गळ्यात कडक सूज, गिळता येईना, लाळ बाहेर गळतेय, आवाज बदलला, श्वास जड, तर रात्री दोन वाजलेले असले तरी इमर्जन्सी, सकाळची वाट बघायची नाही, कारण तोंडाच्या तळाचं इन्फेक्शन फार वेगाने गळ्याकडे उतरतं आणि श्वासाची वाट बंद करू शकतं. माझ्याकडे असं आजवर झालेलं नाही, पण मी प्रत्येकाला हे सांगते, तुलाही सांगितलं. इन्फेक्शन वाटलं म्हणून घरच्या घरी बार ओढून काढू नकोस, वरून छिद्र मिटतं आणि पू आत कोंडतो, काढायचा की ठेवायचा ते डॉक्टरांना ठरवू दे.

राहिली तुझी तोंडी परीक्षा. दहा दिवसांवर आहे म्हणजे आज टोचलंस तर त्या दिवशी सूज बहुतेक उतरलेली असेल पण लांब बार तोंडात असेल, स आणि श अडखळतील, आणि अभ्यासाचे नेमके मधले चार दिवस तू बर्फ चोखत बसशील. आत्ता नको. परीक्षा झाल्यावर जा, आणि असा दिवस बघ की पुढचा आठवडाभर कुठे बोलायचं काम नाही, लग्नकार्य नाही, प्रवास नाही. टोचून उठलीस की पैसे द्यायच्या आधी तीन आठवड्यांनंतरची तारीख मागून घे, आखूड बारचे पैसे आत्ताच्यात धरलेत की वेगळे ते विचार, आणि ती तारीख फोनमध्ये टाक. त्या दिवशी दुखत नसलं, बोलता येत असलं, सगळं छान वाटत असलं तरी जायचंच.